केदारबाबांच्या डोलीमागून घरी : केदारनाथ ते सांगली

केदारनाथला कसं जायचं यावर भरपूर लिहिलं जातं, पण परत येण्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, दर्शन झालं की पुढच्या ओळीत थेट ऋषिकेश येतं. आम्ही २०२४ ला मुद्दाम कपाट (मंदिराचा दरवाजा) बंद होण्याच्या दिवशी वर होतो, म्हणजे ज्या दिवशी देवच खाली उतरायला निघतो तो दिवस, आणि त्याच्या डोलीच्या मागेमागे उखीमठापर्यंत आलो. म्हणून हे सगळं फक्त परतीचं. आम्ही तिघं होतो, मी, दादा आणि आई. आईचं वय ६७, वजन ४६ किलो, डावा गुडघा कायमचा दुखरा.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केदारनाथ ३५८३ मीटरवर, हिवाळ्यात तिथं राहणं शक्य नाही, म्हणून भाऊबीजेला मंदिर बंद करतात आणि देवाची पंचमुखी मूर्ती डोलीत बसवून चालत खाली आणतात. पहिला मुक्काम रामपूर, दुसरा गुप्तकाशी, तिसऱ्या दिवशी उखीमठचं ओंकारेश्वर मंदिर. पुढचे सहा महिने केदारनाथाची पूजा तिथंच.

दिवस पहिला – ३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज (केदारनाथ ते रामपूर)

पहाटे अडीचला उठलो. उठलो म्हणजे काय, झोप अशी लागलीच नव्हती, दोन ब्लँकेट आणि वर रजई घेऊनही पायाची बोटं गरम होईनात. बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरलेली. मी घरून एका छोट्या डबीत कुंकू, अक्षता, सुपारी, वाती आणि तूप घेऊन गेले होते, कारण चाळीस वर्षांत दादाची भाऊबीज एकदाही चुकलेली नाही. पण तूप दगडासारखं झालेलं, चमच्यानं टोकरून निघेना, शेवटी डबी जॅकेटच्या आत पोटाशी धरून दहा मिनिटं बसले तेव्हा कडा जरा सुटल्या. लॉजवाल्याचं स्टीलचं ताट मागून घेतलं आणि पहाटे तीनला, कानटोपी घातलेल्या दादाला ओवाळलं. आई कॉटवर रजईत बसून बघत होती. ओवाळणी काय घालायची तर दादानं खिशातला सुकामेव्याचा पुडा ताटात ठेवला.

मंदिरापाशी आलो तर हजारो लोक. आत समाधी पूजा चालू होती, ती आपल्याला जवळून बघायला मिळत नाही, पण आमच्या तीर्थपुरोहितांनी आदल्या दिवशी नीट समजावून सांगितलं होतं. स्वयंभू लिंगावरचा सगळा शृंगार उतरवतात आणि भस्म, वाळलेली फुलं, तिथल्या वनस्पतींची पानं यांनी ते झाकून टाकतात. म्हणजे आता देव सहा महिने समाधीत. थंडीत केदारपुरीची राखण भैरवनाथाकडे, त्याचं मंदिर वर बाजूला आहे, त्याचं कपाट त्याआधीच बंद झालेलं. बरोबर साडेआठला मोठा दरवाजा बंद झाला. लष्कराचा बँड वाजत होता, लोक जय बाबा केदार म्हणून ओरडत होते, आणि दरवाजा मिटला तेव्हा एक क्षण माझ्या पोटात असं काहीतरी झालं की मी आईचा हातच धरला. घरातलं कुणी लांबच्या गावाला जाताना होतं ना, तसं.

डोलीनं मंदिराला प्रदक्षिणा घातली आणि लगेच निघाली. पुढे ढोल-दमाऊ, लांब तांब्याचे भोंगे, मागे झेंडूच्या माळांनी पूर्ण झाकलेली डोली. खांद्यावर घेणारे अनवाणी. वाटेवर सकाळचं दहिवर अजून गोठलेलं, आणि त्यांतल्या एकाच्या टाचा माझ्या डोळ्यांपुढे, भेगा पडलेल्या, एका भेगेत झेंडूची पाकळी अडकलेली, आणि तो जवळपास पळत होता. मी थर्मल सॉक्स आणि बूट घालून जपूनजपून पाय टाकत होते. आई म्हणाली, अगं ही तर आपली पालखीच की. खरंच तसंच होतं, फक्त माउलींच्या पालखीला सपाट रस्ता असतो आणि ही सरळ कड्यावरून खाली.

आई येताना घोड्यावरून आली होती, पण उतारावर घोड्यावर बसणं जास्त त्रासाचं, सगळं अंग पुढं ढकललं जातं आणि कंबर जाते. म्हणून उतरताना कंडी केली. कंडी म्हणजे पाठीवरची टोपली, तिचा पट्टा कंडीवाल्याच्या कपाळावरून येतो, आणि बसणाऱ्याचं तोंड मागच्या बाजूला. आमचा कंडीवाला नेपाळचा, पंचविशीतला असेल, बोलायला लाजरा. हातात इंग्रजी टी आकाराची बुटकी काठी. दोन-अडीचशे पावलं झाली की ती काठी मागे टोपलीखाली टेकवायची, सगळं वजन तिच्यावर द्यायचं, उभ्याउभ्याच तीन-चार श्वास घ्यायचे, की पुन्हा सुरू. खाली बसणं नाही.

आणि झालं काय, की आम्ही सगळे पाठ फिरवून उतरत होतो, नजर सगळी पायाखाली, कुठला दगड हलतोय, कुठं घोड्याची लीद आहे, आणि आई एकटी केदाराकडे तोंड करून खाली येत होती. मंदिर दिसेनासं झालं तरी मागची बर्फाची शिखरं तिला बराच वेळ दिसत होती. ती मध्येच सांगायची, आता त्या टोकावर ऊन आलं बघ, आता ढग आला. दादा आणि मी थांबून, वळून बघायचो. ती बोलली नसती तर आम्ही एकदाही मागे वळलो नसतो.

लिनचोलीपर्यंत डोली नजरेत होती, मग ती पुढे निघून गेली, त्या लोकांच्या वेगानं चालणं आपल्याला जमणारच नाही. पण वाट रिकामी नव्हती. त्या दिवशी अख्खं गाव खाली येत असतं. दुकानदार, ढाबेवाले, तंबूवाले, खेचरांवर गाद्यांच्या वळकट्या, गॅसच्या टाक्या, पत्रे, एकाच्या पाठीवर तर आख्खं काचेचं कपाट, चहाच्या टपरीतलं असतं तसं. जाताना ज्यानं आम्हाला मॅगी करून दिली होती तो टपरी आवरून दोरी बांधत होता, ओळखून हसला, म्हणाला, अब मई में आना माताजी. त्या वर्षी सोळा लाखांवर लोक येऊन गेले म्हणे, त्या सगळ्यांना चहा पाजणारी ही माणसं, आणि आज त्यांचीही घरी जायची घाई.

रामबाड्याला मंदाकिनी नदी ओलांडायची, तिथं मात्र मी थोडा वेळ पुलावर उभी राहिले. २०१३ च्या आधी इथं चांगला मोठा मुक्काम होता, दुकानं, लॉज. १६-१७ जूनच्या पुरात वरचं चोराबारी तळं फुटलं आणि रामबाडा उरलाच नाही. जुनी वाट १४ किलोमीटरची होती, तीही गेली, आताची नवीन वाट नदीच्या दुसऱ्या बाजूनं लिनचोलीवरून जाते आणि १६ किलोमीटर आहे, चालताना त्याहून जास्तच वाटते. आणि २०२४ च्याच ३१ जुलैला पुन्हा ढगफुटी झाली, वाट बऱ्याच ठिकाणी तुटली, हजारो लोक अडकले, हेलिकॉप्टरनं काढावे लागले. भीमबलीच्या आसपास तेव्हा अजून दरडीच्या ताज्या जखमा दिसत होत्या. मी सांगलीची आहे, २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली बघितली आहे, आमच्या घराच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे. पण आमच्याकडे पाणी चढत येतं, माणूस वरच्या मजल्यावर जायला वेळ असतो. इथं मंदाकिनी अशी खळाळत, दगडांवर आपटत जाते आणि वरून तळंच सुटलं तर काय वेळ मिळणार. दादा म्हणाला चल, कंडीवाला पुढं गेला.

जंगलचट्टीच्या पुढं माझ्या दोन्ही अंगठ्यांची वाट लागली. ट्रेकवर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, उतरायच्या आदल्या दिवशी नखं बारीक कापा आणि लेस घोट्यापाशी घट्ट बांधा, नाहीतर पाय पुढं सरकून नख बुटावर आपटत राहतं. माझं उजवं नख काळंनिळं पडलं ते अजून तसंच आहे. पोटऱ्या चढताना दुखतात, उतरताना मांड्या आणि गुडघे बोलतात.

गौरीकुंडला साडेतीन वाजले. गौरीमाईचीही मूर्ती त्याच दिवशी खाली गौरी गावात जाते, म्हणजे तिचंही कपाट बंद. कंडीवाल्यानं आईला उतरवलं, आईचे पाय बधिर झालेले, त्यानं स्वतःच खाली बसून तिच्या पोटऱ्या चोळल्या. पैसे ठरलेल्या रेटनं दिले, वर थोडे जास्त दिले. चहा घेताना मी त्याला विचारलं, घरी कधी जाणार. तर म्हणाला, दीदी, आज हमारे यहाँ भाई टीका है. मला माहीतच नव्हतं. नेपाळमध्ये तिहार असतो, आपल्या दिवाळीसारखा, आणि भाऊबीजेच्या दिवशीच त्यांची भाई टीका, बहीण कपाळावर सात रंगांचा टिळा लावते, मखमली फुलांची माळ घालते. त्याला दोन बहिणी, सीझनमुळे तीन वर्षं तो त्या दिवशी घरी नाही.

आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं. पहाटेची डबी जॅकेटमध्येच होती. सात रंग कुठले, आपलं कुंकू आणि चार अक्षता, तिथंच चहाच्या बाकावर त्याला टिळा लावला, दहा रुपयांच्या चिक्कीतला तुकडा तोंडात घातला. त्याच्या कपाळावर पट्ट्याचा आडवा वळ उमटलेला, लालसर, त्याच्या बरोबर मध्ये कुंकू लागलं. तो गप्प. मग कमरेच्या पिशवीतून एक नोट काढली, शंभराची, चार घड्या घातलेली, घामानं मऊ झालेली, आणि माझ्या हातात ठेवली. मी नको नको म्हणतेय तर म्हणाला, भाई को देना पड़ता है दीदी. आई म्हणाली, घे गं, असं परत करत नाहीत.

तिथून जीपनं सोनप्रयाग, ५ किलोमीटर, आणि पुढे रामपूर. संध्याकाळी डोली पोचलेली, सगळं गाव दर्शनाला. रात्री जिथं राहिलो तिथं जेवायला मंडुव्याची रोटी आणि गहतची डाळ. मंडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे चक्क हुलगे! आईनं पहिला घास घेतला आणि एकदम खुलली, अगं हे हुलग्याचं कळण आहे, माझी आजी करायची. चार दिवस पराठे खाऊन कंटाळलेली बाई दोन भाकऱ्या जेवली.

दिवस दुसरा – ४ नोव्हेंबर (रामपूर ते गुप्तकाशी)

सकाळी उठताना पलंगावरून पाय खाली टाकवेना. आईला मूव्ह चोळलं, मग आईनं मला चोळलं.

डोली आज डांबरी रस्त्यानं जाते, तरी चालतच. आम्ही फाटा नावाच्या गावाच्या अलीकडे दीडेक किलोमीटर तिच्यासोबत चाललो, तेवढंच झेपलं, बाकी जीपनं पुढं जाऊन थांबायचं आणि ती आली की नमस्कार करायचा असं केलं. हा दिवस मला सगळ्यात आवडला. प्रत्येक वस्तीपाशी बायका ताटं घेऊन उभ्या, ताटात तांदूळ, फुलं, धूप. एक म्हातारी आजी, पाठीतून पूर्ण वाकलेली, ती डोलीखालून वाकून गेली आणि पलीकडे येऊन हात जोडून गढवाळीत काहीतरी बोलत राहिली, शब्द नाही कळले पण सूर सगळा चौकशीचा, जसं पोरगं बरेच दिवसांनी दिसल्यावर आपण बोलतो. शाळेची पोरं गणवेशात रांगेनं उभी. आम्ही लांबून येतो, आपल्यासाठी केदार म्हणजे एकदाच घडणारं काहीतरी, बारा ज्योतिर्लिंगांतलं एक, पण या लोकांसाठी तो दरवर्षी वर जातो आणि दरवर्षी खाली येतो, शेतीचं वर्ष त्याच्यावर मोजलं जातं. हे मला वर मंदिरासमोर तासभर उभं राहून कळलं नव्हतं, इथं रस्त्याच्या कडेला कळलं.

नारायणकोटीला जुन्या दगडी देवळांचा समूह आहे, वेळ काढून बघा, कुणी थांबत नाही.

गुप्तकाशीला डोली विश्वनाथ मंदिरात. पांडव शंकराला शोधत होते आणि तो त्यांना चुकवत इथं गुप्त झाला, म्हणून गुप्तकाशी. अंगणात मणिकर्णिका कुंड, त्यात दोन धारा पडतात, गंगा आणि यमुना. शेजारी अर्धनारीश्वराचं देऊळ. आम्ही आरतीपर्यंत थांबलो. संध्याकाळी चौखंबा शिखरावर शेवटचं ऊन पडलं होतं, आणि दरीपलीकडे समोरच्या डोंगरावर दिवे लागले, लॉजवाला म्हणाला तेच उखीमठ. इतकं समोर की हाक मारावी, पण मध्ये मंदाकिनीची खोल दरी.

दिवस तिसरा – ५ नोव्हेंबर (उखीमठ)

डोली दरी उतरून पलीकडे चढते, आम्ही कुंड गावावरून गाडीनं गेलो. लवकर पोचलो ते बरं झालं, नंतर मंदिराच्या आवारात शिरायलाही जागा नव्हती. ओंकारेश्वराचं मंदिर रंगीत, भोवती जुनी लाकडी नक्षीची घरं. उषा आणि अनिरुद्धाचं लग्न इथं झालं अशी कथा आहे, उषेवरून उखीमठ. पंचकेदारांतल्या मद्महेश्वराची डोलीही हिवाळ्यात इथंच येते.

डोली वळणावर दिसली तशी वरून फुलं पडायला लागली, गच्च्यांवरून, झाडांवरून. बायका कडेनं फेर धरून गात होत्या. मंदिराला प्रदक्षिणा घालून मूर्ती आत गादीवर बसली. सहा महिन्यांची थंडीची सोय झाली. महाशिवरात्रीला इथंच पंचांग बघून पुढच्या वर्षी कपाट कधी उघडणार ती तारीख जाहीर करतात.

गर्दी ओसरल्यावर आईला शांत दर्शन झालं. वर गाभाऱ्यात तिला फार तर दहा सेकंद मिळाली होती, इथं ती अर्धा तास खांबाला टेकून बसली. मला म्हणाली, वर तो देव होता, इथं घरातला वाटतोय. मग बाहेर आलो तर डोली वाहणाऱ्यांपैकी एकजण पायरीवर बसून पायाला मोहरीचं तेल लावत होता, तिनं त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला, तो बिचारा अवघडून उभाच राहिला.

दिवस चौथा – ६ नोव्हेंबर (उखीमठ ते ऋषिकेश)

आज डोली नाही, पण मंदाकिनी सोबत. आईनं वर केदारनाथला एक बाटली भरून घेतली होती, ती मांडीवर. अगस्त्यमुनी, तिलवाडा, आणि रुद्रप्रयाग. इथं मंदाकिनी अलकनंदेला मिळते आणि तिचं नाव संपतं. पायऱ्या उतरून संगमावर गेलो, माझ्या नखानं तिथंही जीव काढला, पण तीन दिवस जिच्या आवाजात झोपलो तिला अशी गाडीच्या काचेतून सोडायची नव्हती.

सिरोबगडला दरडीच्या पट्ट्यात गाड्या थांबवलेल्या, पाऊणेक तास गेला. नंतर धारीदेवी. ही देवी चारधामचं रक्षण करणारी मानतात, धरणासाठी तिची मूर्ती १६ जून २०१३ ला जुन्या जागेवरून हलवली आणि त्याच संध्याकाळपासून तो पूर. इथल्या लोकांच्या मनात या दोन गोष्टी एकच आहेत, आमचा ड्रायव्हर बोलताना गाडी हळू करून बोलत होता, त्याचा मावसभाऊ रामबाड्याला होता. २०२३ च्या जानेवारीत देवी नव्या मंदिरात बसली. आम्ही पुलावरून चालत जाऊन दर्शन घेतलं.

रस्त्याच्या कडेला सगळीकडे ऋषिकेश-कर्णप्रयाग रेल्वेची कामं, १२५ किलोमीटरच्या लाईनमध्ये शंभरावर किलोमीटर बोगदेच आहेत. देवप्रयागला भागीरथी हिरवी आणि अलकनंदा जरा मातकट, दोन्ही पाणी बराच वेळ शेजारीशेजारी वाहतं, आणि इथून पुढं गंगा. ऋषिकेशला पोचायला रात्रीचे आठ.

दिवस पाचवा ते सातवा – ७ ते ९ नोव्हेंबर

हरिद्वारला हर की पौडीवर स्नान आणि गंगेचे गडू. तांब्याचे छोटे गडू, पाणी भरून तोंडाला डाख देऊन देतात, आईनं अकरा घेतले, प्रत्येकाचं झाकण स्वतः उलटं करून तपासलं. मग दिल्ली, आणि ८ ला दुपारी निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस, ती आम्हाला थेट सांगलीला सोडते. गाडीत दोघंही झोपून होते, मी खिडकीशी. भुसावळ आलं, स्टेशनवर मराठी बोलणं ऐकू आलं आणि घर आल्यासारखं वाटलं.

९ ला रात्री घरी. वहिनीनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, आईच्या पायावर पाणी घातलं. शेजारपाजारच्या बायका तेवढ्या रात्री येऊन आईच्या पाया पडून गेल्या.

मावंदं – १५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

मावंदं घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही हे आमच्याकडे पक्कं. पुरणपोळी, कटाची आमटी, तीसेक पानं. चौरंगावर गडू, केदारनाथची बाटली, आणि त्यापुढं आईनं ती चार घड्यांची शंभराची नोट ठेवली. गंगापूजन झालं, गडू फोडून सगळ्यांना तीर्थ दिलं. बाटलीतलं मंदाकिनीचं पाणी संध्याकाळी कृष्णेत सोडलं, घाटावर पणत्या लागलेल्या होत्या.

दुपारी आवराआवर करताना गुरुजींनी दक्षिणा उचलली आणि त्या नोटेलाही हात घातला. आई पटकन म्हणाली, ती नका घेऊ गुरुजी, ती हिची भाऊबीज आहे.